आतोबांची विलायती बंदूक

विलायतेत हवेच्या दाबावर छर्रे उडवणाऱ्या जुन्या बंदुका काय भावाने जातात, हे घोडेगावात बसून सांगू शकणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आतोबांचा जन्म बैलांच्या व्यापारात गेला. गुडघे थकले, बाजार सुटला, पण बोली कानावर पडल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी सुनेने मोबाईलवर परदेशातले लिलाव लावून दिले. इंग्रजी येत नाही, पण त्यावाचून अडतही नाही. फोटो मोठा करून बंदूक अशी निरखतात की आता दात मोजतील असे वाटावे. "दस्त्याला नवं पॉलिश हाय. म्हातारा बैल शिंगं रंगवून आनलाय," असा शेरा मारतात. बोली चढली की उपरण्याखाली त्यांची बोटे आपोआप हलतात. त्यांचे सौदे रुमालाखाली बोटे दाबून व्हायचे. साहेब चारचौघांत आकडा ओरडतो, हे त्यांना अजून असभ्य वाटते.

या नादाचे मूळ घरातच होते. मायदेशी परतणाऱ्या एका पाद्रीसाहेबांनी त्यांच्या वडिलांना तसलीच एक बंदूक दिली होती. जोंधळ्यावरची पाखरे तिने वर्षानुवर्षे उडवली. एखादे पडल्याचे ऐकिवात नाही. मोतीबिंदूनंतर आतोबांचा नेम गेला. बंदूक नुसती गंजण्यापेक्षा चांगले घर बघून द्यावी, असे त्यांनी ठरवले. सुटे भाग काढून विकणारे दोघे जण येऊन गेले. त्यांना आतोबा सरळ खाटीक म्हणतात.

मग पुण्याचे एक संग्राहक आले. वारसा, जतन वगैरे विषयांवर चहा निवेपर्यंत बोलले. आतोबांनी एवढेच विचारले, "चालवनार, का नुसती मिरवनार?"

"अधूनमधून चालवणार, काका."

आतोबांनी रुमालाखाली त्यांची बोटे दाबली. पाहुण्यांना ते हस्तांदोलन वाटले. ते आभार मानून हसले. मग आत्याने आकडा मोठ्याने सांगितला आणि सौदा ठरला. देताना मात्र आतोबांनी बंदुकीचा चामडी पट्टा सोडून घेतला. विकलेल्या बैलाबरोबर घरचे दावे द्यायचे नसते.

"काका, मूळचा पट्टा नसेल तर किंमत निम्मी होते."

"मंग निम्मी द्या."

"अहो, त्या कातड्यापायी?" आत्या म्हणाली.

"जनावर इकलंय. घर न्हाई इकलं."

त्यानंतर त्यांनी लिलाव बघणेच सोडले. बैल विकला की ते महिन्याभरात नव्या मालकाच्या गोठ्यात डोकावून यायचे. पुण्याला कसे जाणार? त्या माणसाने शब्द पाळला, की बंदूक काचेच्या कपाटात कोंडली, हा घोर त्यांना लागून राहिला. फोन करायचा तर भीड पडायची.

परवा दुपारी मी तिथेच होतो. फोन त्या गृहस्थांचाच आला. "काका, ऐका हं," म्हणाले, आणि पलीकडे खट्ट असा आवाज झाला.

आतोबांनी फोन कानाशी घट्ट धरला. "दम कमी पडतोय. आतल्या चामड्याला दोन थेंब तेल पाजा," ते म्हणाले. "आनि आजून एकदा चाप वडा."

या वेळी त्यांनी फोन आत्याच्या कानाला लावला.

"व्हय," आत्या म्हणाली, "तीच हाय."