जांभळ्या देठाचं रोप

तर रुपचंदनाना काचघरात शिरले, इथवर काल आलो होतो. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, धोतरावर पांढरा डगला. नात सारिका म्हणाली, "नाना, नवरदेव दिसता!" नाना म्हणाले, "मंग घोडा कोठे शे?"

ही सारिका पाचोऱ्याकडच्या शेतकऱ्याची पोर. शाळेत असल्यापासून तिचा एकच प्रश्न: आपलं भरताचं वांगं हिरवं, बाजारातलं जांभळं, असं का? गुरुजी म्हणाले, जात वेगळी. तेवढ्यानं ती गप्प बसणारी नव्हती. आता जळगावच्या एका कॉलेजात ती यावरच संशोधन करते, तिथंच पिंप्राळ्यात खोली घेऊन राहते. बियाणं नानांच्याच घरचं. रोपात जरा जांभळी झाक दिसली की भेसळ समजून उपटायची, ही नानांची जन्माची सवय. म्हणून तर त्यांच्या वांग्याचं पंचक्रोशीत नाव!

तिनं नानांना पापडांवरून समजावलं होतं. "उन्हाळ्यात आपल्या ओट्यावर बाया बसतात ना? एक पीठ कुटते, एक लाट्या तोडते, एक लाटते. झाडातला रंगही असाच हातोहात बनतो. त्या बाया म्हणजे एन्झाइम. हिरव्या वांग्यात कुणीतरी एक बाई कामावर येतच नाही, म्हणून पुढचं अडतं. पण कोणती? ते कळायला मी जांभळ्या वांग्यातलं एकेका बाईचं जनुक आपल्या रोपात घालते. जिच्या येण्यानं रंग चढला, ती गैरहजर होती."

बाटल्यांत वाढवलेली बरीच रोपं मेली. उरली तीन, तिन्हींत वेगवेगळी जनुकं. बाटलीत तिन्ही हिरवीच होती. ऊन लागावं म्हणून ती काचघरातल्या कुंड्यांत लावून सारिका दोन दिवस धुळ्याला लग्नाला गेली. परतली ती लग्नाला आलेल्या नानांना घेऊनच, थेट काचघरात. त्यांना दारापाशी उभं करून ती आपल्या मार्गदर्शक सरांना बोलवायला गेली. एवढीच चूक.

ती परत आली तर मधली कुंडी रिकामी!

"नाना, इथलं रोप?"

"भेसळ व्हती, माय. देठ जांभळा व्हता. मी उपटी टाकं." आणि नाना शाबासकीची वाट बघत उभे.

सारिकाचा चेहरा उतरला. "जांभळा? नाना, खरंच जांभळा होता?"

नानांनी मूठ उघडली. देठ जांभळा, पानांच्या शिराही जांभळ्या. सर हळूच म्हणाले, "असं दुसरं रोप करायला वर्ष जाईल."

आता कुठे नानांच्या ध्यानात आलं. ते रिकाम्या कुंडीपाशी उकिडवे बसले. रोप लावणं म्हणजे त्यांच्या हातचं काम! खालची पानं खुडली, मातीत बोटानं भोक पाडलं, मुळं सरळ सोडली, कडेनं माती दाबली. पाणी घातलं. सारिकानं वरून पिशवीची टोपी चढवली.

नाना गावी गेलेच नाहीत. पिंप्राळ्याच्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळी ती आली की विचारायचे, "उभं शे का?" ती म्हणायची, "मान टाकलीय." मग नाना भाकरीचं ताट बाजूला सारायचे. एके दिवशी मात्र ती जिना चढता चढताच मोबाईल नाचवत आली. शेंड्याला नवं पान, कोवळं, जांभळं!

पुढे त्याला जांभळं वांगं लागलं. सरांनी नव्यानं रोपं करवून पडताळा घेतला. त्याच जनुकानं रंग चढला, बाकीच्या दोन्हींनी नाही. गैरहजर बाई सापडली.

त्यानंतरच्या थंडीत नानांच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली. काचघरातलं वांगं जनुक घातलेलं, म्हणून बाहेर आणायला बंदी. नाना आल्या-गेल्याला पापडांची गोष्ट सांगत होते. शेजारचा मोतीलाल खवचट. म्हणाला, "नाना, पापडांचं बठ्ठं सांगं. पण नातीचं काम कोणी उपटं, ते सांगा ना!"

सगळे हसले. नाना भाकर मोडता मोडता थांबले आणि सारिकाकडे बघू लागले. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरीत वाढत होती. वर न बघताच म्हणाली,

"मोतीलालभाऊ, मी धुळ्याला जेवणावळीत होते, सर मिटिंगमध्ये होते. रंग चढला, हे जगात सगळ्यांत आधी नानांनी पाहिलं. माझ्या प्रबंधात तसं छापलंय: पहिलं निरीक्षण, माझे आजोबा रुपचंद. पद्धत, उपटून."