अण्णाजींचा लाखेचा नंदी

तान्हा पोळा पोरांचा, असं सिंदी मेघे गावात म्हणायची पद्धत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत पारापाशी आणतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, आणि सर्वांत देखण्या नंदीच्या बक्षिसावरून त्यांचे आजोबा वर्षभर एकमेकांकडे पाहत नाहीत. कचेरीतले हेडक्लार्क अण्णाजी आणि शेजारचे कास्तकार नत्थूजी यांनी अर्धं आयुष्य असं न पाहता काढलं होतं. बक्षीस दरवर्षी नत्थूजींच्या सागवानी नंदीला. अण्णाजी त्याचा दोष परीक्षकांना देत, सुताराला देत. आपला नंदी दुरून पाटासारखा दिसतो, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलं नाही.

जावई श्रीधर रेल्वेत, विशाखापट्टणच्या वाल्टेर स्टेशनावर असे. दिवाळीला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला की आमच्या विशाखापट्टणात समुद्र आहे, डोंगर आहे, बंदर आहे आणि लाखेची लाकडी खेळणी तर अशी होतात की बघत राहावं. अण्णाजींनी शेवटचं तेवढं ऐकलं. १९५५ च्या उन्हाळ्यात रजा टाकून ते बायकोसह तिकडे गेले.

पहिल्याच संध्याकाळी श्रीधरनं दोघांना किनाऱ्यावर नेलं. मनकर्णाबाई लुगडं सावरत पाण्यात उतरल्या आणि लाट पायावर येताच मोठ्यानं हसल्या. लग्नानंतर त्या असं हसल्याची नोंद नव्हती. अण्णाजींनी समुद्राकडे सभ्यपणाला पुरेल इतका वेळ पाहिलं.

"एवढं पानी, अन् एक एकर भिजवाच्या कामाचं नाई," असं म्हणून त्यांनी ते प्रकरण निकाली काढलं.

दुसऱ्या दिवशी श्रीधरनं समुद्रात घुसलेला डोंगर दाखवला. "वादळात जहाजं याच्या आडोशाला सुखरूप राहतात, मामंजी."

"म्हंजे गोठाच म्हना. खेळन्याचं दुकान कधी उघडते, जावईबापू?"

दुकान एका बोळात होतं. म्हातारा कारागीर फिरत्या लाकडाला पटाशी लावी, की लाकूड गोल होई. त्यावर लाखेची कांडी दाबी, की ते आरशासारखं चकाके. भोवरे गोल, करंडे गोल, बाहुल्यासुद्धा गोल. मनकर्णाबाईंना उंबऱ्यावरूनच कळलं.

"अवो, हा मानूस गोल वस्तू करते. बैल कुठं गोल असते?"

"तुले काय समजते कारागिरीतलं!"

अण्णाजींना तेलुगू येत नव्हती, कारागिराला वऱ्हाडी. जावई तोंड उघडायच्या आत हेडक्लार्कसाहेब भर बोळात वाकले, कानांवर दोन बोटं उभारली आणि दोनदा हंबरले. माणसं जमली. कारागिरानं डोळे पुसत काहीतरी म्हटलं. "होईल म्हणतो," श्रीधर म्हणाला. तो खरं काय म्हणाला, ते जावयानं जन्मात सांगितलं नाही.

नंदी झाला. लालभडक. पोट गोल, वशिंड गोल, तोंड बेलफळासारखं, आणि डोक्यावरच्या दोन भोकांत खुंट्यांसारखी बसवलेली दोन शिंगं.

"पाह्य, पोटात आपलं तोंड दिसते!" अण्णाजी हरखले.

"म्हनूनच तुमाले आवडला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

परतताना अण्णाजींनी तो डब्यातल्या प्रत्येक उतारूच्या हातात दिला. बल्लारशा येईतो एक शिंग नाहीसं झालं. बाकांखाली शोधलं, लोकांचे पाय उचलले, मिळालं नाही. घरी आल्यावर ते एका बाजूचं शिंग त्यांना खुपू लागलं. कचेरीत ज्यांनी कधी समास वाकडा जाऊ दिला नाही, त्यांना हे कसं सोसावं? त्यांनी दोन्ही भोकं लाखेनं बुजवली आणि उरलेलं शिंग खिळ्यानं कपाळाच्या बरोबर मधोमध ठोकलं.

"आता कसं सारखं दिसते!"

तान्ह्या पोळ्याला पारापाशी गर्दी लोटली. नत्थूजींनी वाकून नंदी समोरून पाहिला, मागून पाहिला, आणि कित्येक वर्षांचा अबोला मोडला.

"रंग लय झ्याक हाय, अण्णाजी. पन हे खाते काय?"

परीक्षक दत्तोपंत मास्तरांनी निकाल सांगितला. नंदीचं पहिलं बक्षीस नत्थूजींना. मग त्यांनी चष्मा पुसला. "यंदा एका प्रवेशिकेमुळे 'इतर प्राणी' असा नवा विभाग काढावा लागला. त्यात पहिलं बक्षीस, अण्णाजींच्या गेंड्याला!"

अण्णाजींनी नंदीच्या एकुलत्या शिंगाकडे पाहिलं. मनकर्णाबाई मागून कुजबुजल्या, "सांगा न, नंदी हाय म्हनून."

पण 'पहिलं बक्षीस' आणि 'अण्णाजी' हे शब्द एका वाक्यात यावेत म्हणून तर हा माणूस आजवर झुरला होता. त्यांनी टोपी सारखी केली, पुढे जाऊन पितळी पेला घेतला आणि नत्थूजींकडे वळून म्हणाले, "बैलच कराचा असता तं इथं सुतार काय कमी होते? समुद्रापावतर काऊन गेलतो मी?"

तेव्हापासून गेंडा त्यांच्या दिवाणखान्यात पेल्याशेजारी उभा आहे. कोणी आलं की अण्णाजी सांगतात, "विशाखापट्टणाले गेंडे लय. पार किनाऱ्यावर येतात."

"व्हय," चहा ठेवत मनकर्णाबाई म्हणतात. "एक तं मीच संगं नेलता."