धुतलेले दगड

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला काष्टीला घरी आले, तेव्हा माझ्या सॅकमध्ये छत्तीस दगड होते. उन्हाळ्यात हिमालयातून स्वतः फोडून आणलेले, काळ्या शेलचे, म्हणजे चिखल दाबून बनलेल्या पातळ थरांच्या खडकाचे. प्रत्येकात ब्रॅकिओपॉडचे जीवाश्म: दोन झडपांचे, शिंपल्यासारखे दिसणारे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे समुद्री जीव. ते राहायचे त्या उथळ समुद्राच्या तळाशी अधूनमधून प्राणवायू कमी पडायचा. तसं झालं की त्यांचे शिंपले लहान होत जायचे का, एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी कुठला दगड कुठल्या थरातला हे माहीत हवं. थराचा नंबर मी दगडावर आणि त्याच्या कापडी पिशवीवर पेनानं लिहिला होता. पक्क्या रंगात लिहायचं आणि फोटो काढायचं आळसानं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परतले तर ओट्यावर सगळे दगड उन्हात मांडलेले. आई हात पुसत उठली.

"लई घान हुती गं. काथ्यानं घासले, तवा कुठं काळं पानी थांबलं."

"आणि पिशव्या?"

"त्याबी धुतल्या. वाळत्यात तिकडं."

मी एकेक दगड उलटून पाहिला. एकावरही आकडा नव्हता.

"काय झालं? फुटलं का काय?" आईचा आवाज बारीक झाला.

"काही नाही," म्हणून मी दगड आत नेले.

खोलीचं दार लावून मी शिंपल्यांची मापं घेतली. लहान शिंपल्यांचे दगड कमी प्राणवायूच्या थराचे, मोठ्यांचे भरपूर प्राणवायूच्या थराचे, असे दोन ढीग केले. ते इतके सुरेख लागले की नंबर टाकायला मी पेन उघडलं. मग थबकले. जे सिद्ध करायचं होतं, त्यावरूनच मी नंबर देत होते. आणि हे कुणालाही, कधीच कळलं नसतं. नंबर गेल्यापेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी पेन बंद केलं, पण ढीग मोडायला हात होईना. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांना काय सांगायचं, या धास्तीनं भाऊबीजेपर्यंत जेवण गेलं नाही.

पुण्याला जाऊन सरांसमोर उभी राहिले. नंबर पुसले गेल्याचं सांगितलं. आईनं धुतले असं नाही, माझ्याकडून नंबर गेले, असं.

"एकही ओळखता येत नाही?" सरांनी विचारलं.

"तीन येतात बहुतेक."

"बहुतेक?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अंदाजानं नंबर टाकले नाहीस ना?"

"टाकणार होते."

"मग सगळे बाजूला ठेव. पुढच्या उन्हाळ्यात परत जा."

ते ओरडले नाहीत. जिना उतरताना मला रडू फुटलं. एक वर्ष वाया गेलं, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

आईला मी कधीच काही सांगितलं नाही. तरी तिला कळलं असावं. त्यानंतर घरी गेले की ती माझ्या टेबलाला हात लावत नाही. चहाचा रिकामा कपसुद्धा उचलण्याआधी दारातून विचारते, "ह्यो नेऊ का गं?"