धाकटीचा मुखवटा कोणाच्या घरी ठेवायचा

यंदा धाकटीचा मुखवटा खराब निघाला.

पेटी छत गळतं त्या कोपऱ्यात होती, आणि दोन पावसाळे मी ती उघडलीच नव्हती. बायको गेली त्या वर्षी आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. बाहेरचे लोक त्यांना गौरी म्हणतात. आमच्याकडे त्या महालक्ष्म्याच, थोरली आणि धाकटी, गणपतीच्या दिवसांत तीन दिवस घरी येतात. यंदा बसवायच्या असं मनाशी ठरवलं, पेटी ओढली, फडकं सोडलं. थोरली ठणठणीत होती. धाकटीच्या गालाचा रंग पापुद्र्यासारखा माझ्या बोटाला चिकटून आला आणि नाकाच्या बाजूनं ओठापर्यंत भेग दिसली.

मला देवाधर्माचं फार नाही, खोटं काहून बोलू. मला ते तीन दिवस पाहिजे होते. त्या तीन दिवसांत बायकोचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. हात धुतले का, त्या पाटाला पाय लावू नका, आंबील ढवळा, हलू नका, हला. बाकीचं वर्षभर ती कमी बोलायची. साड्या नेसवताना मला निऱ्या धरून उभं करायची, आणि माझ्याकडं न पाहता देवींशी बोलायची, माझ्याच तक्रारी सांगायची. मी निऱ्या धरून ऐकायचो.

आमची संत्र्याची बाग नरखेडकडं. शरीर थकलं तेव्हा पोरीच्या जवळ म्हणून नागपुरात दोन खोल्या घेतल्या, आणि महालक्ष्म्या सोबत आणल्या, कारण थोरल्या भावाच्या घरी बसवायचा आमच्यात रिवाज आहे. बाग आता धाकटा भाऊ पाहतो. पेटी उघडली त्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"दादा, घरात बाई नाही. तुह्याच्यानं होणार नाही. यंदा इकडं आणू."

"पोरगी येते ना गा."

"पोरीचं घर वेगळं हाये, तिले तिचं हाये. अन तू सांगून राहिला का मुखवटा फुटला. फुटका मुखवटा बसवशीन का?"

त्याचं चुकलेलं नव्हतं. पण एकदा गेल्या की त्या परत येत नसतात. मी त्याला म्हटलं, मुखवटा नीट करून घेतो, मग बोल.

मूर्तिकारांच्या चितारओळीत गेलो. तिथं गणपतीचं काम गळ्यापर्यंत आलेलं. एका माणसानं मुखवटा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, नवी जोडी घेऊन जा. जुन्याले हात लावला तर माझा दिवस जाते." खरं बोलला, त्याचा राग नाही. पण नवी जोडी आणली की जुन्या दोघींना पाण्यात सोडावं लागतं. मी पिशवी उचलून घरी आलो.

पोरीनं मोबाइलवर एक बाई शोधून काढली. जुने मुखवटे, जुन्या बाहुल्या, देवघरातल्या रंग उडालेल्या मूर्ती, असं काहीबाही ती नीट करून देते. दुकान नाही, पाटी नाही. कुठंतरी नोकरी करते आणि हे हौसेनं करते, असं तिनंच लिहिलेलं. नागपुरातच राहते. फोटो टाकलेले, आधीचा आणि नंतरचा. एक मुखवटा तर असा की आधी उंदरानं कुरतडल्यासारखा आणि नंतर आताच पान खाऊन बसल्यासारखा.

"पाहा बाबा, किती लोकांनी चांगलं लिहिलं तिच्याबद्दल."

"हे लोक कोण?"

"कोण म्हणजे? ज्यांनी काम करून घेतलं ते."

"तू ओळखते का एकालेबी?"

"नाही."

"मंग त्यांनी चांगलं म्हटलं काय अन वाईट म्हटलं काय."

"पैसेही आधी मागत नाही ती. काम झाल्यावर द्या म्हणते."

"हे तर अजून वाईट. ज्याले पैशाची पडली नाही, त्याचा मुखवटा हरवला तर त्याचं काय जाते?"

पोरगी म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी," आणि माझ्या फोनात त्या बाईचा नंबर टाकून भाजी आणायला गेली.

माझी रीत मी सांगतो. बाग पाहायला व्यापारी यायचा. मी त्याला खाटेवर बसवायचो, पाणी द्यायचो, गाव विचारायचो. मग कोणाचा, मग मामाचं गाव. चार गावं विचारली की एखादा ओळखीचा माणूस निघतोच, आणि त्या माणसाकडून याची सगळी कुंडली कळते. बायको आत चूल पाहत ऐकायची. व्यापारी गेला की एका वाक्यात निकाल द्यायची. हा नको. किंवा, याले द्या. काहून म्हणून विचारलं तर म्हणायची, मले काय माहीत, पण याले द्या. मी गावं विचारायचो आणि पारख ती करायची, हे मला ती गेल्यावर समजलं. आता माझ्याकडं नुसते प्रश्न उरले होते.

तेच प्रश्न मी त्या बाईला विचारले. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून बोलून पाठवले. आधी तिनं चांगलं उत्तर दिलं. काका, मुखवट्याचा फोटो पाठवा. मी पाठवला. होऊन जाईल काका, भेग भरून रंग देईन, डोळे तसेच ठेवीन, तुम्ही पिकअपवाल्याच्या हाती पाठवून द्या, चार-पाच दिवस लागतील.

पिकअपवाला म्हणजे मोटरसायकलवर सामान नेणारा. म्हणजे देवी अनोळखी माणसाच्या पाठीवरच्या पिशवीत बसून अनोळखी घरी जाणार आणि तिथं मुक्काम करणार. कोणत्या घरी, हे मला कळायला नको का? मी म्हटलं, बाई, मी स्वतः घेऊन येतो, घर सांग. ती म्हणाली, सॉरी काका, मी घरचा पत्ता देत नाही.

तिथंच माझं डोकं फिरलं. ज्याचं सगळं सरळ आहे तो पत्ता काहून लपवेल? मग मी एकामागून एक विचारत गेलो. तुझं गाव कोणतं. वडिलांचं नाव काय. लग्न झालं का. घरी कोण कोण असते. दिवसा तू कामावर गेली तर घरात कोणी राहते का, का एकटीच राहते. उत्तर आलं नाही, तर वाटलं ऐकू गेलं नसेल. म्हणून फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग म्हटलं, बाई, निदान तुझा एक फोटो तरी पाठव, चेहरा पाहिला की माणूस कळते.

थोड्या वेळानं पाहतो तर तिचा फोटो होता तिथं नुसता करडा गोळा. मी पाठवलेलं जाईना. मला वाटलं रिचार्ज संपलं.

पोरगी भाजी घेऊन आली. तिनं फोन हातात घेतला आणि मी बोललेलं एकेक ऐकत गेली. आधी हसत होती. मग हसली नाही. पिशवीतले टोमॅटो घरंगळून खाटेखाली गेले, तिनं उचलले नाहीत.

"बाबा, हे काय विचारलं तुमी?"

"काय विचारलं? सोयरीक पाहाले गेलो असतो तर हेच विचारलं असतं."

"तुमी सोयरीक थोडी करून राहिले होते? अनोळखी माणूस बाईले विचारते, एकटी राहते का, फोटो पाठव, अन वरून फोन करते. तिनं काय समजावं?"

"मी सत्तरीच्या वरचा म्हातारा हाये."

"आवाजावरून वय कळते, नियत नाही कळत."

माझी पोरगी आहे, मला ओळखते, तरी तिचा चेहरा तेवढ्या वेळापुरता दुसऱ्या कोणाच्या तरी पोरीसारखा झाला होता. कोणीतरी असं तिलाही विचारलं असेल कधी. मी विचारलं नाही.

तिनं तिच्या फोनवरून त्या बाईला लिहिलं. सगळं सांगितलं. आई गेली, बाबा एकटे, गावाकडच्या माणसाची बोलायची पद्धत, मुखवटा आईनं जपलेला, मीच आणून देईन, म्हणाल तिथं येईन. उत्तर संध्याकाळी आलं. पोरीनं वाचून दाखवलं. ताई, काका चांगलेच असतील, मला त्यांना दुखवायचं नाही. पण मागे एकदा असंच गोड बोलणारे एक जण सोसायटीच्या खाली येऊन उभे राहिले होते. तेव्हापासून मनाला खटकलं की मी काम घेत नाही. माफ करा. आईबद्दल वाईट वाटलं.

"पुन्हा लिही," मी म्हटलं. "माझ्याकडून लिही का माफ कर म्हणून."

"नाही बाबा. तिनं नाही म्हटलं. आता पुन्हा पुन्हा लिहिणं म्हणजे तेच झालं."

ही गोष्ट मला पटली आणि मी काहीच करू शकलो नाही. बागेत व्यापाऱ्याशी भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी जाऊन चहा पिता येत होता. इथं कुठं जाऊ? ती याच शहरात आहे. कदाचित भाजीवाल्याकडं माझ्या शेजारीच उभी राहत असेल. मी तिच्या डोक्यात कसला माणूस म्हणून राहिलो आहे, ते मला माहीत आहे, आणि ते पुसायला मी एक पाऊल जरी टाकलं तरी ते अजून खरंच होईल. तिनं माझी पारख चुकीची केली असं मी म्हणत नाही. तिच्याकडं जेवढं होतं तेवढ्यावर केली. मीही तिची तशीच करत होतो.

पोरीनं आणखी दोघीतिघींना विचारलं. एक मुंबईकडची होती, एकीनं गणपतीनंतर म्हटलं. मीच म्हटलं राहू दे, आणि भावाला ये म्हणून फोन केला.

भाऊ सकाळच्या एसटीनं आला. सोबत पोतं आणि सुतळी. चहा पिला, इकडचं तिकडचं बोलला, संत्र्याच्या आंबिया बहाराचं बोलला. मग उठून महालक्ष्म्यांच्या कोठ्या, ज्यांच्यावर मुखवटे बसवतात त्या, पोत्यात बांधायला लागला. मी सुतळी धरली.

"नवी जोडी मी गावाकडूनच घेतो," तो म्हणाला. "या दोघींले नदीत सोडू, रीतीनं."

"थोरली चांगली हाये. तिले राहू दे इथं."

"दादा, बहिणी हायेत त्या. एकीले ठेवून दुसरीले कसं सोडाचं?"

"मंग दोघी राहू दे."

"फुटकी घरात ठेवत नाहीत. तुलेच माहीत हाये."

मला माहीत होतं. मी दोघी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. ऑटोत बसताना त्यानं गाठोडं मांडीवर घेतलं, नीट घेतलं, तेवढं मी पाहिलं.

"जेवणाच्या दिवशी लवकर ये," तो ऑटोतून म्हणाला. "पोरीले, जावयालेबी आण. निमंत्रण समज."

लग्न झाल्यापासून या जेवणाची निमंत्रणं आम्ही द्यायचो, मी आणि ती, घरोघर जाऊन. मला कोणी दिलं नव्हतं. येतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.