वजीर सांभाळ

बुद्धिबळ मला सासऱ्यांनी शिकवलं. अकोटजवळच्या आमच्या मळ्यात भाजी तोडून झाली की दुपारी लिंबाखाली पट मांडायचा. सुरुवात दर वेळी एकच, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. आणि दुसऱ्याच्या वजिरावर मारा केला की तोंडाने सांगायचं, "वजीर सांभाळ." न सांगता वजीर मारणं म्हणजे चोरी, असंच मी बारा वर्षं मानत आले.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला महिलांची निवड स्पर्धा झाली. शेवटचा डाव जिंकला असता तर मी विभागाच्या स्पर्धेसाठी अमरावतीला गेले असते. चाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या नावावर कुठे तरी जाणार होते, आणि मला ते फार हवं होतं. समोर कॉलेजातली पोरगी. मी प्यादं दोन घरं सरकवलं, घड्याळाचं बटण दाबलं. पोरगी तरबेज होती, पण घाईची. तासाभराने माझ्या उंटाने तिचा वजीर नेमका माऱ्यात पकडला. तिचं सगळं लक्ष माझ्या राजाकडे होतं. तिचा हात हत्तीकडे निघालासुद्धा.

"वजीर सांभाळ, बाई," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला, पटाकडे पाहिलं आणि वजीर हलवला. डाव चालू असताना बोलले म्हणून पंचांनी मला ताकीद दिली. त्यानंतर माझं डोकं काही ठिकाणावर आलं नाही. मी हरले आणि अमरावतीला ती गेली.

सासरे सोबत आले होते. परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "सांगतलं कावून तिले?"

"तुमीच तं शिकवला हा नियम, बाबा."

"नियम कायचा? तू नवी होती. रोज वजीर गमावत होती, मंग तोंड पाडून बसत होती. म्हून मी सांगत होतो."

मला संताप आला आणि मी तो लपवला नाही. "मंग मी तुमाले सांगत होते, तवा कावून नाही बोलले?"

"आयतं भेटत होतं," ते म्हणाले.

अकोट येईपर्यंत मी जुने डाव आठवत राहिले. हातात आलेले किती डाव मीच त्यांना सोडून दिले होते, आणि वर, हरते ते आपली अक्कल एवढीच म्हणून, असं बारा वर्षं धरून चालले होते.