दार दोन बोटंच उघडलं

मागच्या मंगळवारी दुपारी चितेगावच्या आमच्या शेडमध्ये मी एका जीपमध्ये कोंडले गेले. आज कुठं जीव जरा थाऱ्यावर आलाय, म्हणून लिहितेय... आणि आमचे हे म्हणाले, "लिही एकदाचं, म्हणजे मला रोज ऐकवायची नायस."

तर आमचं फॅब्रिकेशनचं काम. डोंगरात, दगडगोट्यांत घालायच्या गाड्यांना आम्ही लोखंडी चिलखत चढवतो... पुढं बंपर, पोटाखाली जाड पत्रा, बाजूंना पाइप नि पट्ट्या. हे वेल्डिंग करतात. मी मापं काढते, कटिंग बघते आणि भांडते.

ही जीप लासूर स्टेशनच्या एका दादांची. घरची शेती, नोकरी शहरात, आणि सुट्टी लागली की गाडी डोंगरात. त्यांना सगळंच पाहिजे होतं. फांद्या लागून काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांना जाळीसुद्धा! ती आम्ही बाहेरून बोल्ट मारून पक्की बसवली. काम असं दणकट झालं होतं की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

आता आमची एक पद्धत आहे. गाडीच्या खालून वेल्डिंग चाललं की मी आत बसते. फ्लोअरवर ओलं पोतं टाकायचं आणि तळहात ठेवून बसायचं. खाली मास्क लावलेल्या माणसाला ठिणगीपलीकडं काही दिसत नसतं, पत्रा कुठं तापतोय ते वरच्या माणसाच्या हाताला कळतं. चटका बसायला लागला की पान्यानं ठोकायचं... म्हणजे थांबा.

त्या दिवशीही तशीच बसले. ठिणग्या येतात म्हणून दार ओढून घेतलं. गाडीची दुसरी बाजू भिंतीला चिकटून उभी होती. मी बसल्यावर ह्यांनी माझ्या दाराच्या खालच्या कडेसमोर, बाजूच्या पाइपवर बाहेरून एक उभी पट्टी धरली आणि टॅक मारले... म्हणजे पट्टी जागेवर राहण्यापुरतं कच्चं वेल्डिंग. मग ते गाडीखाली मागच्या बाजूला सरकले.

थोड्या वेळानं वास आला. आधी वाटलं, बाजूच्या शेडमध्ये कुणीतरी रबर जाळतंय... तेवढ्यात मागच्या सीटखालून धूर निघाला. ओलं पोतं तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. कार्पेटखालचा नमदा, म्हणजे लोकरीसारखा जाड थर, आतल्या आत धुमसत होता.

मी ठोकलं. काही नाही. जीव खाऊन ठोकलं... तरी काही नाही. ह्यांनी खाली ग्राइंडर लावलेला. त्या आवाजात माझा पाना कोण ऐकतंय!

बाटलीतलं पाणी सीटखाली ओतलं, तर धूर आणखीच दाटला. म्हटलं, मरू दे, बाहेर पडू आधी. दार ढकललं... दोन बोटं उघडलं आणि अडलं. परत ढकललं, परत तेवढंच. फटीतून खाली बघितलं तर आमचीच पट्टी! माप मी दार बंद असताना घेतलं होतं. दार उघडायला जागा लागते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

भिंतीकडचं दार उघडायचा प्रश्नच नव्हता. मागचं दार आतून उघडत नाही. हँडल फिरवून काच खाली केली तर समोर जाळी. हॉर्न दाबला... मुका. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढतात, ती मीच काढली होती. मोबाइल बाहेर टेबलावर.

खरं सांगते, लई भ्याले. डोळे चरचरत होते, खोकला थांबेना, तोंडातून साधं "अहो" निघेना. पेट्रोलची टाकी त्याच बाजूला आहे, एवढं एकच डोक्यात गरगरत होतं. अशा वेळी देवाचं नाव घ्यावं म्हणतात... मला एकही आठवलं नाही.

मग सीटवर आडवी झाले आणि दोन्ही पायांनी दारावर लाथा घातल्या. घालतच राहिले... कट्ट असा आवाज झाला, टॅक तुटले, पट्टी गळून पडली आणि मी दारातून खाली जमिनीवर आले.

हे गाडीखालून ओरडतच निघाले, "अगं ए बये, पट्टी कशाला पाडली?" मग त्यांना धूर दिसला. पुढचं मला नीट आठवत नाही. त्यांनी वाळूच्या बादल्या ओतल्या, सीट उपटून बाहेर फेकली, आग विझली.

मग माझ्याजवळ येऊन खाली बसले.  "पक्कं वेल्डिंग आधीच करणार होतो गं मी... चहा पिऊन करू म्हटलं," एवढंच पुन्हा पुन्हा बोलत राहिले. भांडायचं सोडून मी त्यांचे हातमोजे ओढून काढले. 

दोन दिवसांनी दादा गाडी बघायला आले, सोबत त्यांच्या दोन लेकी. आम्ही झालं ते सगळं सांगितलं. ते हळहळले, आणि मग म्हणाले, "ताई, पट्टी बदला, पण जाळी तशीच राहू द्या. लई भारी दिसतीय."

मी काही बोलायच्या आत धाकटी गाडीत चढली. जळकी सीट काढून आम्ही दुसरी बसवली होती, तिच्यावर ऐसपैस बसली. जाळीतून बोटं बाहेर काढून हलवत म्हणाली, "काकू, ही माझी जागा!"

 धूर तिथूनच निघाला होता... मी पाना उचलला आणि जाळीचे बोल्ट सोडायला लागले. दादांनी लेकीच्या बोटांकडं बघितलं. "व्हय ताई, काढा," म्हणाले, आणि दुसरा पाना घेऊन पलीकडच्या खिडकीला लागले.

आता त्या गाडीची जाळी बिजागऱ्यांवर बसवलीय, आतून उघडते. आणि आमच्याकडं कुठलीही गाडी असो, मी आत बसून सगळ्या दारांतून बाहेर पडल्याशिवाय ह्यांना पक्कं वेल्डिंग करू देत नाही.

भीती गेलेली नाही हो. दार ओढून घेतलं की अजून लगेच परत उघडून बघते. पण ती जाळीतून हलणारी इवली बोटं आठवली की वाटतं... बरं झालं, त्या दिवशी आत मी होते.