एफ-टूवालीची पाळी

परभणीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात मशीन एकच. फी सगळ्यांना सारखी, तरी सर मुलींची पाळी अर्ध्यातच आटोपायचे. उघड अन्याय! प्रोग्राम चालवायला आमी ‘रन’ची अक्षरं शोधत बसायचो, पण मानवतची एक मुलगी एफ-टूची एकच कळ दाबायची आणि मेंढरं हाकल्यासारखी ओरडायची, “पळ रे कोकरा!”

एकदा तिची पाळी अर्ध्यात असतानाच सर तिला म्हणाले, “उठा बाई, पोरं खोळंबलीत.”

“उठते की सर, एवढं पळू द्या.”

तिनं दोन ओळी टाईप करून एफ-टू दाबली. इंग्रजी अक्षरांत ‘मी उठणार न्हाई’, ‘मी उठणार न्हाई’ असा पडदा धो-धो वाहायला लागला, थांबेचना. मला मोर्च्याची सवय. मी मूठ उगारून तीच घोषणा दिली. मागून सगळा क्लास ओरडायलाय!

सरांनी चिडून मलाच बाहेर काढलं. ती बसलेलीच.